खलपुरुषाचे पूर्ववृत्त

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. दुष्टाच्या मुळाविषयी मात्र ती काहीच बोलत नाही. चित्रपटांतून आणि मालिकांतून जो गूढ खलपुरुष आपण पाहतो, ज्याच्या नुसत्या चाहुलीने अंगावर काटा उभा राहतो, त्याचे मूळ शोधावे की शोधू नये, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. विषय करमणुकीचा वाटेल. तो सर्वस्वी करमणुकीचा नाही, असे मला वाटू लागले ते एका वृद्ध बाईंच्या एका वाक्यामुळे.

२०१९ साली झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा दुसरा भाग चालू होता. आमच्या कळंबोलीच्या वसाहतीत कोकणातून पोटापाण्यासाठी आलेली बिऱ्हाडे पुष्कळ. त्यामुळे आकेरी गावच्या वाड्यात चित्रित झालेली आणि मालवणी वळणाने बोलणारी ही मालिका घरोघर पाहिली जाई. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. २०१६ साली दाखविलेल्या पहिल्या भागाच्या आरंभीच नाईकांच्या घरातील कर्ता पुरुष, अण्णा नाईक, हा मरण पावतो आणि पुढे त्या घरात जे जे अघटित घडते त्या सर्वांवर या मेलेल्या माणसाची सावली पडलेली असते. हा मनुष्य जिवंतपणी कसा होता, हे प्रेक्षकाला तुकड्यातुकड्याने, इतरांच्या बोलण्यातून कळते. दुसऱ्या भागाने काळ मागे नेला आणि अण्णाला जिवंत करून आपल्यापुढे चालता बोलता उभा केला.

एके रात्री शेजाऱ्यांच्या घरी आम्ही काही मंडळी बसलो होतो आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलांचा वाद जुंपला होता. एकाचे म्हणणे असे, की अण्णाची कथा सांगून या लोकांनी सारी भीती घालविली. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती उघडली आणि आत एक लंपट म्हातारा निघाला. दुसऱ्याचे म्हणणे, की माणूस असा का झाला हे कळल्यावाचून त्याच्या दुष्टपणाला अर्थच येत नाही. कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसलेल्या काकू, ज्या मूळच्या कुडाळकडच्या, त्या इतका वेळ गप्प होत्या. मध्येच मान वर न करता त्या म्हणाल्या, “अण्णा असो कित्याक झालो, ह्या माका काय करूचा? माईन ह्या सगळा कित्याक सोसल्यान, ता सांगा.” माई म्हणजे अण्णाची बायको, इंदू. मुलांनी हसून ते वाक्य सोडून दिले. मला मात्र ते सोडता आले नाही.

प्रथम त्या पहिल्या मुलाची बाजू पाहू, कारण तिच्यात तथ्य आहे. भयाची घडण मोठी चमत्कारिक असते. माळ्यावर रात्री काही खुडबुडले, तर दिवा लावीपर्यंतच माणूस भितो; दिव्याच्या उजेडात मांजर दिसले की भीती पळते, मग ते मांजर कितीही दांडगे असो. अमेरिकेत १९७८ साली जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाने ‘हॅलोवीन’ नावाचा बोलपट काढला. त्यातील खुनी पांढरा, निर्विकार मुखवटा घालतो आणि अवाक्षर बोलत नाही. सहा वर्षांचा असताना त्याने आपल्या थोरल्या बहिणीला ठार केलेले असते. का, ते कोणालाच ठाऊक नाही. ज्या डॉक्टराने पंधरा वर्षे त्याच्यावर देखरेख ठेवली तोही हात टेकतो. श्रेयनामावलीत त्या मुखवट्याच्या माणसाला ‘आकृती’ एवढेच म्हटले आहे. पुढे २००७ साली रॉब झोंबी या दुसऱ्या दिग्दर्शकाने तीच कथा पुन्हा सांगितली आणि त्या आकृतीला बालपण दिले. भांडणांनी भरलेले घर, आईचा शिवराळ साथीदार, शाळेतील छळ, सारे काही दिले. आता हे सारे असलेली मुले जगात लक्षावधी आहेत. त्यांच्यापैकी बहुतेक मोठी होऊन नोकऱ्या करतात, संसार करतात, आपल्या मुलांवर हात उगारायचा नाही असा निश्चय करतात. त्या सगळ्यांची कहाणी एका खुन्याच्या मुखवट्यामागे कारण म्हणून चिकटविणे, यात मला कलेच्या दोषाहून एक मोठा दोष दिसतो. दुःख भोगलेल्या माणसावर तो एक प्रकारचा आळ आहे.

हॅनिबल लेक्टरची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. नरमांस खाणारा हा विद्वान वैद्य टॉमस हॅरिस या लेखकाने निर्माण केला. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ ही कादंबरी १९८८ सालची आणि बोलपट १९९१ सालचा. त्या कादंबरीत आपल्याला कोणत्या घटनेने असे घडविले हे शोधू पाहणाऱ्यांची लेक्टर स्वतःच टर उडवितो. लेखकाने स्वतःच्या हाताने दाराला कुलूप घातले, असे म्हणावयाचे. परंतु निर्माते दिनो दि लॉरेंतिस यांनी लेखकाला सांगितले, की पूर्वकथेचा बोलपट मी काढणारच, तुमच्यासह नाही तर तुमच्यावाचून. मग २००६ साली हॅरिस यांनीच ती कादंबरी लिहिली आणि २००७ साली बोलपट निघाला. महायुद्धातील लिथुआनिया, उपासमार आणि भुकेल्या लुटारूंनी खाल्लेली एक लहान बहीण. कारण मिळाले. ते भयंकरही आहे. पण त्या कारणानंतरचा लेक्टर हा सूड घेणारा एक तरुण झाला, आणि सूड घेणारे तरुण आपण पुष्कळ पाहिले आहेत.

येथे व्यापाराचा एक साधा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. बोलपटांची मालिका चालली म्हणजे खलपुरुषाचे नाव हेच भांडवल होऊन बसते. नायक बदलता येतो, गाव बदलता येते, नाव बदलता येत नाही. परंतु कथेच्या शेवटी खलपुरुष मेलेला असतो. एकदा त्याला पुन्हा जिवंत करता येते, दोनदा करता येते, तिसऱ्यांदा प्रेक्षक जांभई देतो. पुढची वाट खुंटली म्हणजे मागची वाट धरावी लागते. ‘स्टार वॉर्स’च्या काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडरला लोकांनी १९७७ साली पाहिले आणि त्याच मुखवट्यामागचे निरागस पोर त्यांना १९९९ साली दाखविण्यात आले, ते या वाटेने. तात्पर्य, पूर्वकथा सांगण्याचा निर्णय पुष्कळदा कथेच्या गरजेतून होत नाही. तो पेढीवर होतो. यात लाजण्याजोगे काही नाही, आपल्या नाटक मंडळ्यांनीही तिकिटाच्या हिशेबावरच नाटके लिहवून घेतली. मात्र गरज नसताना सांगितलेली गोष्ट ऐकताना तशी ओळखू येते.

आता कोणी म्हणेल, हे सारे परकीय. आपल्या परंपरेत तर कोणाचेही मूळ सांगितल्यावाचून राहात नाहीत. ते खरे आहे. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र हे सारे वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय, शापाने तीन जन्म घेतलेले, ही कथा कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध खलपुरुषाचे पूर्ववृत्त कोठे आणि कसे सांगितले आहे, हे एकदा बारकाईने पाहण्यासारखे आहे.

वाल्मीकिरामायणात रावणाचे सविस्तर चरित्र उत्तरकांडात येते. म्हणजे युद्ध संपले, रावण पडला, रामाला राज्याभिषेक झाला, आणि मग अगस्त्य ऋषी रामाच्या सभेत येऊन रावणाची हकीकत सांगतात. उत्तरकांड मागाहून जोडले गेले असे विद्वानांचे बहुधा एकमत आहे. तेव्हा आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती एका यशस्वी कथेला मागाहून जोडलेली पूर्वकथाच होय. रामाने ज्याला मारले त्याची ओळख रामाला मारल्यानंतर होते, हा क्रमच विलक्षण आहे. युद्धाच्या वेळी ते ज्ञान आड येत नाही. पुढे मात्र विजयाची चव ते थोडी बदलून टाकते.

आणि त्या हकीकतीत असते काय? रावण असा का झाला, याचे उत्तर तेथे अगदी थोडक्यात आटोपले आहे. अशुभ वेळी झालेला गर्भ, आणि सावत्र भाऊ कुबेर याचे वैभव दाखवून मुलाच्या मनात मत्सर पेटविणारी आई कैकसी. एवढे सांगून कथा पुढे जाते. पुढे जी लांबलचक हकीकत येते ती मुख्यतः ज्यांच्यावर रावणाने अन्याय केला त्यांची आहे. लंकेतून हुसकलेला आणि पुष्पक विमान गमावलेला कुबेर. तपश्चर्या करीत असता केसांना धरून ओढलेली आणि म्हणून अग्नीत प्रवेश केलेली वेदवती. पतीला भेटावयास निघालेली आणि वाटेत बलात्काराला बळी पडलेली रंभा. खुद्द रावणाची बहीण शूर्पणखा, जिचा नवरा विद्युज्जिह्व रावणाच्याच हातून युद्धात मारला गेला आणि जी भावाच्या पायांशी येऊन त्याला त्याबद्दल बोल लावते. पंचवटीत नाक कापून घेणारी शूर्पणखा आपल्याला ठाऊक आहे. भावाने विधवा केलेली शूर्पणखा कितीजणांना ठाऊक आहे? रंभेवरील अत्याचारामुळे नलकूबराने रावणाला शाप दिला, की नको म्हणणाऱ्या स्त्रीला हात लावशील तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. आणि अशोकवनात सीता सुरक्षित राहिली ती या शापाच्या बळावर. पूर्वकथा मूळ कथेला असा आधार देते. ती रावणाविषयी दया मागत नाही. रावणाच्या मागे किती माणसे उभी आहेत, ते दाखविते.

पूर्ववृत्त एकाच जातीचे नसते, असे यावरून माझे मत झाले. अपराध्याच्या मनाचे पूर्ववृत्त ही एक गोष्ट आणि अपराधाचे पूर्ववृत्त ही दुसरी. पहिल्यात आपण खलपुरुषाच्या आत शिरतो आणि हा असा का झाला म्हणून विचारतो. दुसऱ्यात त्याच्या भोवती फिरतो, आणि याने कोणाचे काय केले, व ते होत असताना बाकीचे कोठे होते, हे विचारतो. काकूंचा प्रश्न दुसऱ्या जातीचा होता.

‘शोले’ हा १९७५ सालचा हिंदी बोलपट आपण सर्वांनी पाहिला असेल. त्यात गब्बरसिंगाचे बालपण नाही, तारुण्य नाही, त्याच्या दरोडेखोरीचे कारण म्हणून एक वाक्यही नाही. अमजद खानने तो असा उभा केला आहे, की तो त्या खडकांतूनच उगवला असावा. तरीही त्या बोलपटात पूर्वकथा आहे आणि ती मोठी आहे. ती ठाकूराची आहे. पोलीस अधिकाऱ्याने डाकूला पकडले, डाकू तुरुंगातून निसटला, त्याने अधिकाऱ्याचे कुटुंब गोळ्या घालून मारले आणि शेवटी त्याचे दोन्ही हात तोडले. गब्बर कोण आहे हे आपल्याला ठाकूराच्या रिकाम्या बाह्यांवरून कळते. यानंतर त्याच्या लहानपणी त्याला कोणी मारले होते काय, ही चौकशी कोणाला सुचतही नाही.

आमच्या जुन्या रंगभूमीवरचे एक उदाहरण येथे आठवते. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातील घनःश्याम हा मराठीतील गाजलेला खलपुरुष. चिंतामणराव कोल्हटकरांच्या भूमिकेने तो अजरामर झाला. त्याच्या दुष्टाव्याला कारण आहे आणि ते कारण लतिकेने केलेला अपमान हे आहे. परंतु अपमान केवढा आणि त्याचा सूड केवढा, हे प्रेक्षकाला शेजारी शेजारी ठेवून मोजता येते. कारण कळूनही घनःश्याम लहान होत नाही, कारण त्या दोहोंमधले अंतर भरून निघत नाही. तेवढी जागा गूढच राहते, आणि तेवढी पुरे असते.

गूढता आणि अज्ञान या दोन वस्तू भिन्न आहेत, हे अलीकडच्या काळात सर्वांत चांगले दाखविले ते ‘तुंबाड’ने. २०१८ साली प्रदर्शित झालेला हा बोलपट भाषेने हिंदी असला तरी त्याची माती मराठी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नारायण धारपांची एक भयकथा त्यांनी तरुणपणी नागझिऱ्याच्या अरण्यात मित्राच्या तोंडून ऐकली आणि तेथून या कल्पनेचा प्रवास सुरू झाला. बोलपटाच्या नावामागे श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण आहे. यातील दैत्य हस्तर. आता गंमत पहा, या हस्तराची संपूर्ण पूर्वकथा बोलपटाच्या अगदी प्रारंभी, काही थोड्या मिनिटांत, बाप मुलाला सांगतो तशी सांगून टाकली आहे. समृद्धीच्या देवीचा हा पहिला आणि लाडका मुलगा. सोने आणि धान्य दोन्हींचा लोभी. सोने त्याने बळकाविले, धान्याकडे हात केला तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला आपल्या उदरात लपवून वाचविले, पण अट ही, की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचे नाव विसरले जाईल.

मूठ पहिल्याच घटकेला उघडली, तरी भय तसूभरही कमी झाले नाही. याचे कारण माझ्या मते असे, की त्या कथेतून हस्तराविषयी कणव उत्पन्न होत नाही. तिच्यातून एक नियम हाती लागतो. याला सोने आहे पण अन्न नाही. हा पिठासाठी धावेल. मग कणकेची बाहुली घेऊन खाली उतरावे, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातील मोहरा काढाव्यात, पिठाच्या रिंगणात उभे राहून जीव राखावा. नियम माहीत झाल्यावर विनायकरावांचा लोभ कामाला लागतो, पिढीजात धंदा होतो, मुलाला तालीम दिली जाते. आणि अखेर मुलगाच सुचवितो, की एक बाहुली नेऊन एक मूठ मोहरा मिळतात, तर पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? त्या रात्री गर्भागारात काय होते, ते नियम ठाऊक असल्यामुळेच अधिक भयंकर वाटते. हस्तर आरंभापासून अखेरपर्यंत जो आहे तोच राहतो. बदलत जातो तो त्याच्याकडे जाणारा माणूस, आणि बोलपट त्याच्यावरून दृष्टी हलवीत नाही.

२०२४ साली हा बोलपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेहून अधिक चालला. त्याच सुमारास निर्माते आणि नायक सोहम शाह यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केली. बर्वे यांनी आपण त्यात नाही असे जाहीर केले. दुसऱ्या भागाने हस्तराविषयी आणखी काय सांगावे? माझा कौल विचाराल तर, काही नाही. तुंबाडच्या त्या वाड्यात ज्या बायकांनी आयुष्य काढले, एका मोहरेच्या आशेवर साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला भरविण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांच्याविषयी पुष्कळ सांगता येईल.

मराठी बोलपटांतील लोकप्रिय खलपुरुषाचा उल्लेख केल्यावाचून पुढे गेलो तर घरातील मुले रागावतील. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला गुंड, आणि त्याचा जीव शिरतो तो रामदास पाध्यांनी घडविलेल्या बाहुल्यात. त्याची पूर्वकथाही पहिल्याच काही प्रसंगांत संपते. गुंड होता, मंत्र मिळविला, गोळी लागली, बाहुल्यात शिरला. तो गुंड का झाला, हे मुलांनी कधी विचारले नाही. मुलांना या बाबतीत उपजत शहाणपण असते. बाहुला मान वळवितो, एवढे त्यांना पुरते.

आता अण्णा नाईकांकडे परत जाऊ. कारण तेथे हा प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसतो. हस्तर दैत्य आहे, तात्या विंचू बाहुला आहे. अण्णा मात्र माणूस आहे, आणि असा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असतो.

दुसऱ्या भागाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. त्याचा भर अण्णाच्या बालपणावर नव्हता. त्याने आपल्याला चालत्या संसारात नेऊन सोडले. ओटी, माजघर, परसू, विहीर, जमिनीचे व्यवहार, मुंबईला शिकायला गेलेला मुलगा, विसराळू गडी पांडू, आणि या सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत बसलेला एक मनुष्य. माधव अभ्यंकरांनी अण्णाची नजर अशी काही साधली होती, की तो ओरडण्यापेक्षा पाहतो तेव्हाच अधिक भीती वाटे. त्या घरातील दुष्टपणा रात्री बारा वाजता येणारा नव्हता; तो सकाळी चहाबरोबर येई. तो आला की बाकीची माणसे आपापले काम करू लागत. गूढ होते ते त्या कामाला लागण्यात. अण्णाच्या मनापेक्षा त्या घराची सवय हे मोठे रहस्य होते, आणि मालिकेच्या चांगल्या भागांना हे रहस्य सापडले होते.

परंतु दैनिक मालिकेचे एक यंत्र असते. बोलपट दोन तासांत संपतो. मालिका रोज रात्री अर्धा तास, महिनोन् महिने चालवावी लागते. ज्याच्यासाठी लोक येतात त्याला रोज पडद्यावर आणावे लागते. वाघ जंगलात असेपर्यंत वाघ असतो. रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसू लागला तर पोरे त्याचे नाव ठेवतात. अण्णाचे तेच झाले. तो आणि अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेली शेवंता ही जोडी घरोघर लाडकी झाली. भ्रमणध्वनीवर दोघांची चित्रे आणि त्यांवरचे विनोद फिरू लागले. लग्नकार्यात पोक्त माणसे अण्णाचा आवाज काढून हशा मिळवू लागली. मीही हसलो आहे, हे नाकारीत नाही. २०१६ साली पहिल्या भागावर तक्रार झाली होती ती अशी, की कोकण म्हणजे भुतांचे आगर असा समज या मालिकेने पसरतो. दुसऱ्या भागाच्या वेळी ज्या गोष्टीची तक्रार व्हावयास हवी होती तिची फारशी झाली नाही. घरच्या बायकोला मोजीत नाही आणि परक्याच्या बायकोवर डोळा ठेवतो, असा मनुष्य हळूहळू आपल्या घरचा रंगेल आजोबा झाला, ही ती गोष्ट होय.

अपराध्याच्या मनात शिरलेल्या पूर्वकथेचा धोका हाच आहे. कारण सांगणे म्हणजे क्षमा करणे नव्हे, असे तर्कशास्त्र म्हणते आणि ते बरोबरही आहे. तथापि प्रेक्षक तर्कशास्त्राने पाहात नाही, तो सहवासाने पाहतो. ज्याच्याबरोबर शंभर रात्री काढल्या त्याचा थोडा तरी पक्ष मन घेतेच. न्यायालयात आरोपीची बाजू ऐकतात ती योग्यच आहे; पण तेथे समोर फिर्यादी उभा असतो, सरकारी वकील असतो, आणि न्यायाधीशाला विनोदाचे चित्र पाठविण्याची मुभा नसते.

म्हणून त्या दुसऱ्या मुलाला, जो अण्णा असा का झाला ते कळले पाहिजे म्हणत होता, मी गप्प बसवू इच्छीत नाही. त्याची जिज्ञासा खोटी नाही. दुष्ट माणसे आभाळातून पडतात असे मानणे हा आळशीपणा आहे, आणि वाड्यावाड्यांतून असे अण्णा निपजले ते जमिनीच्या मालकीतून, पुरुषाला विचारणारे कोणी नाही या रिवाजातून, पोलीस ठाणे दूर आणि माहेर त्याहून दूर या परिस्थितीतून निपजले. हे जरूर दाखवावे. परंतु हे कारण अण्णाच्या मनात सापडणार नाही. ते माईच्या माजघरात सापडेल. ती का राहिली, कोणी तिला राहावयास सांगितले, ती निघाली असती तर कोणत्या दारात उभी राहिली असती, मुलांनी काय पाहिले आणि काय न पाहिल्यासारखे केले, गड्याला काय काय ठाऊक होते, शेजारच्या घराच्या खिडक्या त्या बाजूला का बंद असत. शकुंतला नरे यांनी माईची भूमिका केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर या प्रश्नांची उत्तरे असल्याचा भास पुष्कळदा होई. पण कॅमेरा तेथे फार वेळ थांबत नसे, कारण खुर्चीतील माणूस बोलू लागलेला असे.

काकूंशी या विषयावर पुढे एकदाच बोलणे झाले. त्याच वर्षी गणपतीच्या अगोदर त्या गावी निघाल्या होत्या. रात्रीची वेळ, मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांची कळंबोलीच्या रस्त्यावर रांग लागलेली, आणि कुडाळची गाडी उशिरा येणार असल्यामुळे आम्ही सामान घेऊन कडेला उभे होतो. बोलता बोलता त्यांनी आपल्या माहेरच्या वाडीतील एका मोठ्या घराची हकीकत सांगितली. नावे सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. त्या घरातील मालक कसा होता ते गावाला ठाऊक होते. मालकीण विहिरीवर दिवस उजाडण्यापूर्वी का येते, तेही ठाऊक होते. तिच्या दंडावरचे व्रण इतर बायकांना दिसू नयेत म्हणून. “आमका दिसत होते,” काकू म्हणाल्या, आणि थोडा वेळ त्या रस्त्याकडे पाहात राहिल्या. मालक मेल्यावर त्याच्या नावाने देवळात समई आली, ती अजून आहे.

आकेरीचा तो वाडा पाहावयास हल्ली लांबून माणसे येतात, छायाचित्रे काढून घेतात, असे वर्तमानपत्रांत येत होते. वातावरण थोडे हलके करावे म्हणून मी म्हणालो, “काकू, तुमच्या वाटेवरच आहे म्हणतात, अण्णांचा वाडा पाहून या.”

गाडीचे दिवे दिसू लागले होते. त्यांनी पिशवी उचलली.

“वाडो बघून काय करूचा?” त्या म्हणाल्या. “माईची चूल दाखवतत काय थंय?”